किकोंगोच्या बोली किती? आधी पत्ता, वंश आणि नाव वेगळं करू

तुमचा प्रश्न मी आधी माझ्या शब्दांत मांडते, म्हणजे माझी समजूत चुकली असेल तर लगेच कळेल. पुण्यात शिकणाऱ्या दोन आफ्रिकी मित्रांकडून तुम्ही सेमिनारसाठी शंभर-शंभर शब्द उतरवून घेतलेत. एक अंगोलातल्या उईज प्रांताचा, दुसरा काँगो-ब्राझाव्हिलमधल्या प्वांत-न्वार बंदराचा. दोघांनीही आपल्या भाषेचं नाव 'किकोंगो' सांगितलं, पण शब्द जुळले ६१. मग तुम्ही पुस्तकं उघडलीत. भाषाशास्त्रज्ञ गथ्री यांच्या यादीत 'कोंगो' या नावाखाली आठ बोली सापडल्या. एका नव्या वर्गीकरणात गॅबॉनमधली पुनू किकोंगोच्या घरात बसलेली दिसली. उलट जिला गथ्रींनी किकोंगोसारखंच 'एच' अक्षर दिलं, ती किंबुंदू घराबाहेर. तुम्ही विचारताय, बोली नक्की किती आणि यांतलं बरोबर कोण?

खरं तर इथे तीन प्रश्न एकमेकांत अडकलेत. एखादी भाषा यादीत कुठे शोधायची, हा पत्त्याचा प्रश्न. ती कोणापासून फुटली, हा वंशाचा. आणि बोलणारा तिला काय म्हणतो, हा नावाचा. पिनकोड बघून सोयरीक जुळवायला निघालं की जे होईल, तेच तुमच्या टिपणांत झालंय. काळजी करू नका, माझ्याही पहिल्या दोन वर्षांच्या वह्या अशाच होत्या.

आधी पत्ता. माल्कम गथ्री यांनी १९४८मध्ये बांतू भाषांचं (मध्य, पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेत पसरलेलं भाषाकुळ, किकोंगो त्यातलीच) वर्गीकरण मांडलं आणि १९६७ ते १९७१ या काळात आलेल्या चार खंडांच्या ग्रंथात ते पक्कं केलं. तिथे पंधरा विभाग आहेत आणि प्रत्येकाला एक अक्षर. अक्षराने विभाग कळतो, दशकाने गट, एककाने भाषा. एच-१० हा किकोंगो गट. त्यात एच-११ बेंबे, एच-१२ व्हिली, एच-१३ कुन्यी आणि एच-१६ म्हणजे खुद्द कोंगो. या एच-१६च्या पोटात इंग्रजी अक्षरं (ए ते एच) लावून दक्षिण, मध्य, योंबे, पश्चिम, ब्वेंदे, लाडी, पूर्व आणि आग्नेय अशी आठ नावं येतात. तुमचा 'आठ' तिथला आहे. ही मोजून काढलेली संख्या नव्हे. त्या काळी ज्यांच्याबद्दल पुरेशी माहिती हाताशी होती, त्यांना दिलेल्या या खोल्या आहेत.

गथ्रींना नावं ठेवण्याची सध्या फॅशन आहे. मला ती पटत नाही. पाचशेच्या आसपास भाषांच्या पसाऱ्यात 'बी-४३' म्हटल्यावर आजही जगभर सगळ्यांना एकच भाषा कळते, हे लहान काम नाही. आणि या भागात एकाच नावाच्या भाषा ढिगाने आहेत. बेंबे म्हणाल तर काँगो-ब्राझाव्हिलमधली एच-११ वेगळी आणि पार पूर्वेला किवू भागातली डी-५४ वेगळी. 'म्बुंदू' म्हणाल तर लुआंडाकडची किंबुंदू एच-२१ आणि दक्षिणेकडच्या पठारावरची उंबुंदू आर-११. तेव्हा संकेतांक जरूर लिहा. मात्र गथ्रींनी विभाग पाडताना भाषेइतकाच नकाशाही पाहिला होता, हे विसरू नका. शेजारी राहतात म्हणून किकोंगो आणि किंबुंदू 'एच'मध्ये आल्या. गॅबॉनच्या बाजूला राहतात म्हणून पुनू आणि लुंबू 'बी-४०'मध्ये गेल्या.

आता वंश. इथे माझा एकच नियम आहे आणि तो मी विद्यार्थ्यांना कंटाळा येईपर्यंत ऐकवते. दोन भाषांत काय सारखं आहे ते मला सांगू नका. दोघींनी मिळून काय नवीन केलं ते सांगा.

उदाहरण तुमच्याच यादीच्या मथळ्यात आहे. किकोंगो, किंबुंदू या नावांतला 'कि-' हा नामवर्गाचा उपसर्ग. बांतू भाषांत नामांचे वर्ग असतात, आपल्याकडच्या तीन लिंगांपेक्षा कितीतरी जास्त, आणि वर्ग उपसर्गावरून ओळखू येतो. कोंगो माणूस म्हणजे 'मुकोंगो', माणसं 'बाकोंगो', भाषा 'किकोंगो'. तुम्ही टिपणात लिहिलंय की 'कि-' दोन्हीकडे आहे म्हणून त्या जवळच्या असाव्यात. पण 'कि-' किस्वाहिलीतही आहे आणि केनियातल्या किकुयूतही. तो मूळ बांतूपासून चालत आलेला वारसा आहे. आजोबांचं आडनाव सगळ्याच चुलत्यांकडे असतं, त्यावरून सख्खे भाऊ ओळखता येत नाहीत. उलट अटलांटिक किनाऱ्याकडे चला. व्हिली लोक आपल्या भाषेला 'चिव्हिली' म्हणतात, वोयो लोक 'चिवोयो'. 'कि'चा 'चि' झाला. हा नवा बदल आहे, याच्याकडे लक्ष द्यायचं. आणखी उत्तरेला पुनू लोक 'यिपुनू' म्हणतात. तोच उपसर्ग, आणखी वेगळा होऊन. नुसती भाषांची नावं त्या-त्या लोकांच्या उच्चारात लिहून काढली, तरी अर्धा तास मजेत जातो आणि बरंच कळतं. अर्थात 'क'चा 'च' होणं जगात इतक्या ठिकाणी आपोआप घडतं की एवढ्यावर शाखा उभी करू नये. असे पाच-सात बदल एकाच टापूवर एकमेकांवर पडले, तर बोलायचं.

तुमच्या ६१ या आकड्याकडे येते. तो मला कमी वाटतो आणि कारणही बहुधा कळतंय. तुम्ही 'देणे' या क्रियापदासमोर एका ठिकाणी 'व्हाना' आणि तुम्हीच पडताळ्यासाठी घेतलेल्या तिसऱ्या यादीत 'हाना' लिहून 'जुळत नाही' अशी खूण केलीय. ते दोन्ही एकच शब्द आहेत. मूळ बांतूतल्या 'प'चा किकोंगोच्या काही बोलींत 'व्ह' झाला, काहींत 'ह'. म्हणून गावाला कुठे 'व्हाता' म्हणतात, कुठे 'हाता'. जिथे जिथे एकीत 'व्ह' तिथे तिथे दुसरीत 'ह', असा नियम दिसला की शब्द जुळले असं धरायचं, मग कानाला ते कितीही वेगळे वाटोत. याउलट 'ब्वाला' हाही गावासाठीच वापरतात, पण ते मूळच निराळं. तिथे 'जुळत नाही' हेच बरोबर. पाण्याचंही तसंच. कुठे 'माज़ा', कुठे 'न्लांगु'. (पाण्याला 'माज़ा' म्हणणाऱ्या भाषेच्या प्रेमात मराठी माणूस पडला नाही तरच नवल.) पण इथे सावध. लामान यांच्या किकोंगो-फ्रेंच कोशात हे दोन्ही शब्द आहेत. म्हणजे मित्राने 'न्लांगु' सांगितलं याचा अर्थ त्याच्याकडे 'माज़ा' नाही, असा होत नाही. आपण विचारलं तेव्हा त्याच्या तोंडात जे आधी आलं ते आपण लिहिलं, इतकंच.

मग उसने शब्द. पोर्तुगीजमधून आलेले 'मेज़ा', 'कुलुज़ु' (मेज, क्रूस) चटकन ओळखू येतात, ते काढाल. अवघड असतात ते शेजारच्या बांतू भाषेतून आलेले, कारण त्यांचं नाकडोळं घरच्यासारखंच असतं. किंबुंदूचं हेच झालं. किकोंगोच्या शेजारात शतकानुशतकं राहून तिने इतकं उचललं की नुसते शब्द मोजले तर ती बहीण वाटते. ध्वनींचे नियम लावून आणि मोठ्या वंशवृक्षात बसवून पाहिलं की ती नैर्ऋत्येकडच्या बांतू भाषांबरोबर जाते. सोयरीक आहे, पण रक्ताची नाही.

टक्क्यांवरून 'ऐंशीच्या वर बोली, खाली भाषा' अशी रेघ काही जण मारतात. मी मारत नाही. बास्तॅ, कुपेझ आणि मान यांनी १९९९मध्ये ५४२ बांतू भाषांचा ९२ शब्दांवर आधारलेला अभ्यास प्रसिद्ध केला. त्याचा खरा उपयोग कोण कोणाच्या जवळ हे दाखवण्यात आहे. भाषा कुठे संपते ते टक्के सांगत नाहीत. आपल्याकडे ग्रिअर्सननी भारतीय भाषा सर्वेक्षणाच्या १९०५च्या खंडात कोकणीला मराठीच्या पोटात ठेवलं आणि १९९२मध्ये ती आठव्या अनुसूचीत स्वतंत्र भाषा म्हणून आली. मधल्या काळात शब्दांचे टक्के बदलले नव्हते.

आता नावाचा घोळ, आणि यात मी स्वतः तोंडावर पडलेय. बेल्जियममध्ये वर्षभर होते तेव्हा काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या किक्वित शहरातून आलेल्या एका बाईंकडून मी 'किकोंगो'चे शंभर शब्द घेतले. इतके छान जुळले मध्य भागातल्या मन्यांगा बोलीशी, की मी खूश. दोन महिने ती यादी माझ्या तक्त्यात 'मध्य किकोंगो' म्हणून बसली होती. मग सहज काही वाक्यं घेतली आणि पाय गळाले. 'मी' म्हणून 'मोनो' सुटं उभं, क्रियापदाला कर्त्याचा उपसर्गच नाही, आणि नकार शेवटच्या 'वे'ने. मूळ किकोंगोत क्रियापद उपसर्गाशिवाय घराबाहेर पडत नाही आणि नकार दोन्ही बाजूंनी मिठी मारतो, 'के न्ज़ोलेले को' म्हणजे 'मला नको'. बाई बोलत होत्या ती कितुबा, म्हणजे 'किकोंगो या लेता', सरकारी किकोंगो. ('लेता' हे फ्रेंच 'लेता', राज्यसंस्था.) वाहतूक, बाजार, मिशन, वसाहतीचा कारभार यांतून घडलेली ही संपर्कभाषा, आणि तिचा शब्दसंग्रह मुख्यतः मन्यांगासारख्या बोलींचा. म्हणून शब्दांच्या यादीत ती पकडली जात नाही, वाक्यात लगेच पकडली जाते. काँगो लोकशाही प्रजासत्ताकाच्या २००६च्या संविधानात चार राष्ट्रीय भाषांपैकी एक 'किकोंगो' लिहिली आहे, पण देशाच्या मोठ्या भागात त्या नावाने प्रत्यक्षात कितुबाच चालते. काँगो-ब्राझाव्हिलमध्ये तिलाच मुनुकुतुबा म्हणतात. बाईंनी खोटं काहीच सांगितलं नव्हतं. त्यांच्या दृष्टीने ती किकोंगोच होती.

तुमच्या प्वांत-न्वारच्या मित्राबाबत मला हीच शंका आहे. तो भाग जुन्या लोआंगो राज्याच्या किनाऱ्याचा, म्हणजे घरात चिव्हिली असू शकते. पण ते बंदराचं शहर, तेव्हा रस्त्यावरची मुनुकुतुबाही असू शकते. परदेशात आपल्या भाषेचं नाव सांगताना माणूस ऐकणाऱ्याला कळेल असं मोठं नाव सांगतो. अमेरिकेत मालवणी माणूसही 'मराठी' म्हणूनच मोकळा होतो.

मग बरोबर वर्गीकरण कोणतं? वंशाचा प्रश्न असेल तर मी आज २०१५मध्ये गेंट विद्यापीठाच्या गटाने (दे स्क्रायव्हर, ग्रोलमुंड, ब्रॅनफर्ड आणि बोस्टून) मांडलेलं वर्गीकरण हाताशी ठेवते. ते 'किकोंगो भाषा' म्हणत नाहीत, 'किकोंगो भाषासमूह' म्हणतात, आणि तो शब्द नीट निवडलेला आहे. दक्षिण गॅबॉनपासून उत्तर अंगोलापर्यंत, कबिंडा आणि दोन्ही काँगो धरून, ही एक साखळी आहे. शेजारच्या दोन गावांना एकमेकांचं कळतं, टोकाच्या दोन गावांना नाही. या समूहात दक्षिण, पूर्व, उत्तर आणि पश्चिम अशा शाखा पडतात, आणि पूर्वेकडे याका, सुकू वगैरेंचा थोडा अलग गट. म्बांज़ा कोंगो या जुन्या राजधानीची आणि ज़ोंबोची बोली दक्षिणेत, किसांतूकडची न्तांदू पूर्वेत, लाडी आणि बेंबे उत्तरेत. पश्चिमेत योंबे, वोयो, व्हिली आणि त्यांच्याबरोबर तुम्हाला खटकलेल्या पुनू-लुंबू. म्हणजे गथ्रींचा 'बी-४०' अक्षर ओलांडून इथे आला. पत्ता तोच राहिला, वंश कळला.

मध्य किकोंगोचं मात्र प्रकरण वेगळं, आणि मला यातलं सगळ्यांत आवडतं तेच. मन्यांगा, न्दिबू या मधल्या बोली एका वेगळ्या आईच्या लेकी दिसत नाहीत. चहूबाजूंच्या शाखा जिथे येऊन मिसळल्या, असा तो टापू आहे. वृक्ष काढताना त्यांना फांदी द्यावी लागते, कारण वृक्षाला दुसरं काही काढता येत नाही. पण प्रत्यक्षात तिथे संगम आहे. मी म्हणून नेहमी दोन आकृत्या काढते, एक वृक्षाची आणि एक जाळ्याची, आणि जिथे दोघींत पटत नाही तिथे थांबून बघते. बहुतेक वेळा तिथे एखादा बाजारमार्ग, राजधानी किंवा मिशन सापडतं.

राजधानी म्हणाले ते उगाच नाही. दक्षिणेकडे नामवर्गाचे उपसर्ग झिजत गेले. मध्य भागातल्या 'बांतु'ला, म्हणजे 'माणसं'ला, बेंटली यांच्या १८८७च्या कोशात, जो म्बांज़ा कोंगोच्या म्हणजे तेव्हाच्या साओ साल्वादोरच्या बोलीचा आहे, 'वांतु' किंवा 'आंतु' म्हणतात. विल्हेल्म ब्लेक यांनी एकोणिसाव्या शतकात ज्या शब्दावरून अख्ख्या कुळाला नाव दिलं, त्या शब्दाचा पहिला 'ब'च या प्रसिद्ध राजधानीत गळालेला. बोस्टून आणि दे स्क्रायव्हर यांचं म्हणणं असं की ही झीज कोंगो राज्याच्या केंद्राकडून बाहेर पसरली, सत्ता आणि व्यापार यांच्या वाटेने. म्हणजे दोन बोलींत झीज सारखी दिसली तरी त्या सख्ख्या असतीलच असं नाही. एकीने दुसरीचं बघून केलेलं असू शकतं. मघाचा माझा 'नवीन काय केलं' हा नियम इथे अडखळतो, हे कबूल करायला हवं.

तुम्ही विचारलंय की इतके जुने कागद आहेत तर त्यांतलीच भाषा सगळ्या बोलींची आई का धरू नये. मोह रास्त आहे. १६२४मध्ये लिस्बनला पोर्तुगीज आणि किकोंगो अशी धर्मशिकवण छापली गेली. १६५२च्या सुमाराचा लॅटिन-स्पॅनिश-किकोंगो शब्दकोश हस्तलिखितात आहे. १६५९मध्ये ब्रुशोत्तो यांचं व्याकरण रोममध्ये आलं, बांतू भाषेचं पहिलं छापील व्याकरण. (गंमत म्हणजे १६२४चं ते पुस्तक ज्या मार्कुश जॉर्ज यांच्या पोर्तुगीज प्रश्नोत्तरीवरून झालं, तिच्याच आधाराने फादर स्टीफन्सनी केलेली कोकणी 'दौत्रिन' दोनच वर्षं आधी, १६२२मध्ये, गोव्यात राशोलला छापली होती. म्बांज़ा कोंगो आणि गोव्यातली साष्टी एकाच वेळी तेच धडे गिरवत होते.) पण सतराव्या शतकातली ती किकोंगो तपासली तेव्हा ती आधीच दक्षिण शाखेची निघाली. बाकीच्या शाखा तोवर फुटून गेल्या होत्या, त्यांच्याबद्दल कोणी लिहिलं नव्हतं एवढंच. ज्ञानेश्वरीतली मराठी जुनी आहे म्हणून ती कोकणीची आई ठरत नाही, तसंच हे.

दूरच्या नातलगांबद्दल फार लिहीत नाही, तुमच्या सेमिनारला त्याची गरज नाही. किकोंगो समूह हा 'पश्चिम-किनारी बांतू' या मोठ्या शाखेचा भाग, आणि तिच्यात तेके, यान्झी वगैरे 'बी' अक्षराच्या भाषाही येतात. लाडीसारखी बोली तेकेच्या शेजारात वाढल्याने तिच्यात तिकडचा रंग दिसतो, तो पुन्हा शेजाराचा.

तेव्हा 'बोली किती' याचं उत्तर सेमिनारमध्ये आकड्याने देऊ नका. 'गथ्रींच्या संदर्भयादीत एच-१६खाली आठ नोंदी, वंशाच्या दृष्टीने चार मुख्य शाखा, एक पूर्वेकडचा गट आणि एक संगमक्षेत्र' असं लिहा. एखादे परीक्षक 'पण नक्की किती' विचारतीलच. त्यांना खानदेशातून विदर्भात जाताना अहिराणी नक्की कोणत्या गावात संपते ते विचारा.

आणि दोन्ही मित्रांकडे पुन्हा जा. 'भाषा कोणती' असं नको, 'आजी कोणत्या गावची आणि ती घरात बोलते त्याला ती स्वतः काय म्हणते' असं विचारा, आणि उत्तर, गाव, तारीख यादीच्या डोक्यावर लिहा. पाच वाक्यं घ्या : मी जातो, ते जातात, मला नको, माणसं आली, माणूस आला. प्वांत-न्वारच्या मित्राने शेवटी 'वे' लावला आणि क्रियापद मोकळंच ठेवलं, तर ती यादी या तुलनेतून बाजूला काढा, ६१ला अर्थ उरत नाही. आणि उईजच्या मित्राच्या 'माणसं आली'मध्ये पहिला 'ब' ऐकू येतो का ते बघा. आला नाही तर दक्षिण शाखेची शक्यता वाढते. आला तर त्याचं गाव नकाशावर शोधून मला कळवा, मग तुमच्या यादीकडे नव्याने बघायला मला फार आवडेल.